शिवम मिरची इंझोरी

शिरपूर जैनचा एक कास्तकार भर दुपारी रोपवाटिकेच्या ऑफिसात शिरला, मालकाच्या टेबलावर आपला मोबाइल ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "घ्या, हा तुमच्याजवळच ठेवा. सकाळपासून तुमचे तीन माणसं बोलले मायाशी, अन् तिघायचे तीन भाव. मी फुलकोबी लावू का तुमचे फोन उचलत बसू?"

मालक गजेंद्र. वय चौतीस, अकोल्याला शेतकी शिकलेला, बोलायला गोड. त्यानं त्या माणसाला चहा पाजला, मोबाइल परत त्याच्या खिशात घातला, फाटकापर्यंत पोचवलं आणि मागे वळला तेव्हा त्याचं तोंड पार उतरलं होतं. वाशिमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या वडिलांनी वीस वर्षांपूर्वी ही रोपवाटिका काढली. मिरची, वांगी, टमाटे, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि जिल्हाभरच्या भाजीवाल्या कास्तकारांना घरपोच द्यायची, हा धंदा. या धंद्यात विक्री करणाऱ्या माणसाची सगळी पुंजी म्हणजे त्याच्या मोबाइलमधले नंबर. ते कोणी कोणाला देत नाही. रतनसिंग तर आपली चांगली गिऱ्हाइकं 'गॅसवाला', 'पंक्चरवाला' अशा नावांनी ठेवायचा. न जाणो कोणी डोकावलं तर!

त्याच सांजेला गजेंद्रनं एक पांढरा फळा भिंतीला टेकवला आणि विक्रीच्या चौघांना समोर बसवलं. रतनसिंग, ऋषिकेश, दोन महिन्यांपूर्वीच लागलेली स्नेहा, आणि देवमन. देवमन सगळ्यांत जुना. वय छप्पन्न, त्यातली एकोणीस वर्षं याच रोपवाटिकेत गेलेली. त्याच्या मोबाइलमध्ये सहाशे चाळीस कास्तकार होते आणि आडनाव एकाचंही नव्हतं. नाव, पीक, गाव, अशी त्याची पद्धत. 'हिरीबाई वांगी जऊळका.' आडनावानं माणूस आठवत नाही, पिकानं आठवतो, असं तो म्हणायचा.

गजेंद्रनं फळ्यावर लिहायला घेतलं. सगळ्यांचे नंबर एका यादीत यायचे. रतनसिंगनं चुळबुळ केली, पण गॅसवाला आणि पंक्चरवाला दोघंही त्याला द्यावे लागले. मग गावं वाटून घ्यायची. ज्याचं गाव, फोन त्यानंच करायचा. जुन्या माणसानं त्या गावच्या गिऱ्हाइकाला पुन्हा फोन लावायचा नाही. गिऱ्हाइकानं आपणहून जुन्याला फोन केलाच, तर गोड बोलून नव्याचं नाव सांगायचं आणि ठेवायचं.

"अजून काही?" गजेंद्रनं विचारलं.

देवमन कधी नव्हे तो उठून उभा राहिला. "एक लिहा. यादीत नाव, गाव, नंबर अन् पीक. बस. घरातलं काही लिहाचं नाही. कोणाचं लग्न जुळलं, कोणाचं मोडलं, कोण पेतो, कोणाच्या घरी कोण मेलं, काहीच नाही."

"मंग आमाले काय समजन, कोणाशी कसं बोलाचं ते?" रतनसिंग म्हणाला.

"बोलूनच समजन. मले बी तसंच समजलं."

याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका माणसानं, जो आता इथे नाही, आपल्या वहीत जऊळक्याच्या हिरीबाईच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं, 'नवरा पितो, सकाळीच बोलावं.' ती वही गाडीत राहिली, गाडीतून चहाच्या टपरीवर गेली आणि टपरीवर कोणीतरी ती मोठ्यानं वाचली. हिरीबाईनं दुसऱ्या दिवशी सगळे ट्रे परत पाठवले. देवमन माफी मागायला तिच्या दारात गेला, तर तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. लोक आपल्याला घरातलं सांगतात ते आपल्याला सांगतात, कंपनीला नाही, हे त्यानं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

चौथा नियम फळ्यावर चढला. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, देवमननं सगळ्यांच्या आधी केली. नियम चांगलाच होता, आजही चांगलाच आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही.

मंगरुळपीर आणि मानोऱ्याकडचा सगळा पट्टा स्नेहाच्या वाट्याला आला. तो आजवर देवमनचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहा कंप्युटरपुढे बसली आणि देवमन चष्मा कपाळावर चढवून मोबाइलमधून एकेक नाव वाचू लागला. पोरगी भराभर टाइप करत होती. मधेच हसायची, "काका, हे 'बंडू फुलकोबी रागीट' काय आहे हो?" मग देवमन 'रागीट' गाळायला सांगायचा. नियम म्हणजे नियम.

वाचता वाचता तो थांबला. मोबाइल मांडीवर ठेवून त्यानं बाटलीतलं पाणी प्यायलं.

"काका, पुढचं नाव?"

"शिवम."

"गाव?"

"इंझोरी."

"पीक?"

"मिरची."

स्नेहानं लिहून घेतलं आणि पुढच्या नावाची वाट पाहू लागली. शिवम होता तोवर तिन्ही उत्तरं खरी होती.

सहा वर्षांपूर्वी इंझोरीचे गुलाबराव आपल्या एकोणीस वर्षांच्या पोराला घेऊन रोपवाटिकेत आले होते. पोराला अर्धा एकर मिरची लावायची होती आणि बापाला सोयाबीनशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. दोघं फाटकातच भांडत होते. देवमन मधे पडला, "द्या ना अर्धा एकर त्याले. बिघडलं तं मी सोता येऊन सोयाबीन पेरून देईन." मिरची बिघडली नाही. पण त्या दिवसापासून पोरगा देवमनला मामा म्हणू लागला आणि देवमनच्या मागेच लागला. "मामा, पानं वाकडे होऊन राह्यले." "मामा, फूल गळून राह्यलं." पानाचे फोटो पाठवायचा, त्यात पानापेक्षा त्याचा अंगठाच मोठा दिसायचा. इंझोरीकडची गाडी शुक्रवारी सुटते, म्हणून तिकडच्या लोकांना गुरुवारी फोन करायचा असतो. शिवमचा फोन देवमन मुद्दाम शेवटी ठेवायचा, म्हणजे निवांत बोलता यायचं. देवमनला दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. मुलगा नाही. शिवम दरवर्षी पहिल्या तोड्याची मिरची पिशवीत घालून आणायचा आणि देवमनची बायको रुख्मिणी त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

मागच्या वर्षी जुलैत, मिरची तोडता तोडता, वावरात त्याच्यावर वीज पडली. जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता. मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला होता, म्हणून तो तेवढा राहिला.

देवमन तिसऱ्या दिवशी गेला तेव्हा शिवमची आई गिरजाबाई तो मोबाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या गुरुवारी सवयीनं देवमनचा अंगठा त्याच नंबरवर गेला. गिरजाबाईंनी उचलला. त्यांना कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. देवमननं विचारलं, "ताई, वांग्यावर कीड तं नाही ना?" त्यांनी सांगितलं, थोडी आहे. मग त्यानं औषध सांगितलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून दर गुरुवारी हेच. वांगी कशी आहेत, विहिरीला पाणी किती आहे, गुलाबरावांचा गुडघा कसा आहे. चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत देवमननं शिवमचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. आपण त्या बाईच्या जखमेला जपतोय, असं त्याला वाटायचं. आणि मोबाइलमधलं नाव बदलून तिथे गिरजाबाईंचं नाव टाकावं, हे त्याला किती वेळा सुचलं असेल! पण 'शिवम' खोडायला अंगठा उचलायचा नाही.

तसंच ते यादीत गेलं.

स्नेहाला एका वाक्यात सांगता आलं असतं. पोरी, हा पोरगा गेला, त्याच्या आईशी जपून बोल. एवढंच. पण ते घरातलं होतं आणि घरातलं सांगायचं नाही हा नियम कालच त्यानं फळ्यावर चढवला होता. स्वतःची अशी समजूत घालून तो गप्प बसला. खरं कारण वेगळं होतं. 'शिवम गेला' हे वाक्य त्यानं आजवर कोणापुढेही उच्चारलं नव्हतं, रुख्मिणीपुढेसुद्धा नाही. गिरजाबाई स्वतःच सांगतील आणि पोरगी नाव दुरुस्त करेल, असं म्हणून त्यानं पुढचं नाव वाचलं.

पहिल्या गुरुवारी दुपारी त्याचा हात मोबाइलकडे गेला आणि परत आला. दुसऱ्या गुरुवारी तो उठून शेडनेटमध्ये, रोपांवरच्या हिरव्या जाळीखाली, जाऊन उभा राहिला. तिसऱ्या गुरुवारी रुख्मिणीनं जेवताना विचारलं, "गिरजाताईच्या मालकाचा गुडघा काय म्हन्ते?" तर म्हणाला, "आता तो पट्टा माया नाही." ती त्याच्याकडे बघत राहिली.

चौथ्या गुरुवारी स्नेहा खुर्ची वळवून म्हणाली, "काका, ते तुमचे इंझोरीचे शिवमदादा कधीच सापडत नाहीत हो."

देवमनच्या हातातला पेन तसाच राहिला.

"आई उचलतात. लय गोड बोलतात पण. पहिल्यांदा म्हणाल्या वावरात गेला, आला की सांगतो. नंतर म्हणे पाणी देऊन आला, झोपला, उठवत नाही. मागच्या गुरुवारी मानोऱ्याले गेल्ता. मी म्हटलं, आई, त्यांना सांगा जेवण वेळेवर करत जा. तं हसल्या. म्हणे, तूच सांग बाई, माया ऐकत नाही." स्नेहा स्वतःही हसत होती. "अन् आज पंधराशे मिरचीची ऑर्डर दिली. शिवमच्या नावानं लिही म्हणाल्या. उद्याच्या गाडीत टाकते."

आता तरी बोलायचं! समोर पोरगी हसते आहे, तोंड उघडून तीन शब्द बोलायचे. देवमन "बरं" म्हणाला आणि बाहेर नळावर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. त्याचा मला राग येतो, पण काय करणार, माणूस तसा होता. गिऱ्हाइकाशी तासभर बोलायचा आणि स्वतःच्या पोटातलं एक वाक्य त्याला बाहेर काढता यायचं नाही.

शुक्रवारी सकाळी गाडी भरत होती तेव्हा तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. ड्रायव्हर लखीराम चक्रावला. "देवमनभाऊ, तुमी काहून? हे लाइन तं आता पोरीची हाय ना?"

"हाय. तू चल."

इंझोरीत पोचेपर्यंत अकरा वाजले. लखीरामनं मिरचीचे ट्रे गुलाबरावांच्या अंगणात उतरवले आणि बाकीचा माल द्यायला तो पुढे गेला. अंगण शेणानं ताजं सारवलेलं होतं. गिरजाबाई दारातच उभ्या होत्या. देवमनला पाहून त्यांचा चेहरा असा पडला, की त्याला वाटलं तसंच मागे फिरावं.

"तुमी कायले आले, भाऊ?"

"ताई, त्या पोरीले माहीत नोतं. चूक मायी हाय. मी तिले सांगतो, ती पुन्हा..."

"नका सांगू." गिरजाबाईंनी एकदम त्याचा हात धरला. "पाया पडतो तुमच्या, तिले सांगू नका."

मग त्या उंबऱ्यावर बसल्या. देवमन अंगणातच, ट्रेशेजारी टेकला.

"तिनं इचारलं, शिवमदादा हायेत का? चौदा महिने झाले भाऊ, कोणी इचारलं नाही मले. सारे सांगाले येतात, गेला तुया पोरगा, देवाची मर्जी, सोडून दे आता. हाय का असं कोणी इचारलंच नाही. तिनं इचारलं अन् मायाच्यानं 'नाही' म्हनवलं नाही. वावरात गेला म्हटलं." गिरजाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मंग तो दिवसभर वावरातच होता ना, भाऊ. मी भाकर बांधून ठेवली. आता येते, मंग येते, असं वाटत राह्यलं. सांज होईपर्यंत लय बरं वाटलं मले."

देवमन ट्रेमधली माती बोटानं दाबत राहिला.

"तुमी दर गुरुवारी फोन करत. वांग्याचं इचारत, पाण्याचं इचारत. मी वाट पाहो, आज तरी भाऊ त्याचं नाव घेतीन. मामा म्हने तो तुमाले. तुमी कधीच नाही घेतलं. मंग तुमचा फोनच बंद झाला."

"नियम झाला ताई ऑफिसात. दुसऱ्याच्या गावाले फोन नाही कराचा."

"कोणं केला असला नियम?"

"आमीच," देवमन म्हणाला. "मी बी सही केली."

ज्या गोष्टीला तो चौदा महिने जपणं म्हणत आला, ती या बाईला अशी लागत होती. तिच्या पोराला सगळ्यांनी मारलं होतं, आणि मामानं तर त्याचं नावच पुरून टाकलं होतं. देवमनला आपली लाज वाटली. गिरजाबाईंच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून तो ट्रेमधल्या रोपांकडे बघत राहिला. रोपं छान होती, चार-चार पानांवर आलेली, हिरवीगार.

"नाही सांगत तिले," तो म्हणाला. "तुमाले शब्द देतो."

तेवढ्यात गुलाबराव वावरातून आले. खांद्यावर फवाऱ्याचा पंप. अंगणात मिरचीची रोपं पाहून ते जागीच थांबले. पोरगा गेल्यावर त्यांनी मिरचीचं अख्खं वावर नांगरून सोयाबीन केलं होतं, आणि घरात मिरचीचा विषय निघाला तर ताटावरून उठून जायचे. त्यांनी पंप खाली ठेवला. देवमनला ओळखूनही त्याच्याशी बोलले नाहीत.

"कोणाचे रोपं हे?"

ट्रेला एक चिठ्ठी लावलेली होती. गुलाबरावांनी वाकून ती वाचली. स्नेहाच्या गोल, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'शिवम, इंझोरी. मिरची, पंधराशे.' गुलाबरावांचे ओठ हलले. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली असावी.

आणि घरात मोबाइल वाजला. गिरजाबाई उठायच्या आत गुलाबराव आत गेले. चौदा महिन्यांत त्यांनी त्या मोबाइलला हात लावला नव्हता. तो हातात घेऊनच ते दारात आले. बटण दाबलं आणि स्नेहाचा आवाज अंगणभर पसरला.

"आई, रोपं पोचली का? आज तरी शिवमदादांना फोन द्या ना. लावायच्या आधी मुळं औषधात बुडवायची आहेत, ते मी त्यांनाच सांगते. आहेत का घरी?"

गिरजाबाईंनी नवऱ्यापुढे हात जोडले.

"बाई, मी शिवमचा बा बोलतो," गुलाबराव म्हणाले. आवाज चढवला नाही. पत्ता चुकून दारात आलेल्या माणसाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "शिवम मेला. मागच्या साली. आता त्याले फोन करत नका जाऊ."

पलीकडून फोन बंद झाला.

गिरजाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि छातीवर हात मारून घेऊ लागल्या. "आत्ता मेला! आत्ता मेला माया लेक! इतके दिवस वावरात होता, तुमी मारला त्याले." गुलाबराव भिंतीला टेकून उभे होते, मोबाइल हातातच. "मले बी वाटते ना वं," ते एवढंच म्हणाले, आणि मग त्या माणसाचा चेहरा असा मोडला की देवमननं मान फिरवली. चौदा महिन्यांत त्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं गुलाबरावांनी नुसत्या हातानं ट्रे दाखवले. "घेऊन जा."

"गाडी पुढं गेली, गुलाबराव."

"मंग पडू द्या."

देवमन चालत फाट्यावर आला आणि एसटीनं परत निघाला. मंगरुळपीरला गाडी बदलताना त्याला आठवलं, की आपण शब्द दिला होता आणि तो घटकाभरही टिकला नाही.

ऑफिसात स्नेहा डोळे सुजवून बसली होती. तो दिसताच उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं, काका?"

"होतं."

"मग मला काहून नाही सांगितलं? मी त्या माउलीला म्हणत होते, त्यांना जेवण वेळेवर करायला सांगा. मी हसत होते काका तिच्याशी!"

देवमन फळ्याकडे बघणार होता, पण त्यानं ते टाळलं. "नियमाचं नाव सांगितलं असतं तुले, पन खोटं आहे ते. मायाच्यानं बोलवलं नाही. तुयी काही चूक नाही, पोरी. तू एकटीनंच त्याचं नाव घेतलं." आणि मग त्यानं, खुर्चीचा पाठीमागचा दांडा धरून, पहिल्यांदाच ते वाक्य म्हटलं. "शिवम गेला. वीज पडली त्याच्यावर. मले मामा म्हने तो."

स्नेहा रडायला लागली. देवमनही रडला. रतनसिंग उठून बाहेर गेला आणि कोणी न सांगता तिघांचा चहा घेऊन आला.

गजेंद्र शहाणा मालक होता. त्यानं कोणाला बोल लावला नाही. सोमवारी फळ्यावर चौथ्या नियमाखाली त्यानं बारीक अक्षरात लिहिलं, की गाव दुसऱ्याला देताना दुःखाच्या घरांबद्दल तोंडी सांगायचं, लिहायचं नाही. आणि गिऱ्हाईक वारलं असेल तर नाव यादीतून काढायचं. हेही योग्यच होतं. स्नेहानं कंप्युटरवर शिवमची ओळ समोर आणली आणि माऊसवर हात ठेवून बसून राहिली. "काका, माझ्याच्यानं होत नाही." देवमन तिच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यानं स्वतः बटण दाबलं. शिवमची ओळ गेली आणि खालचं नाव वर सरकलं.

पण त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये ते नाव तसंच होतं.

गुरुवार आला. देवमननं आपल्या वाट्याच्या गावांचे सगळे फोन उरकले. मग तो उठला आणि स्नेहाजवळ जाऊन उभा राहिला. "पोरी, तुया गावाले एक फोन करतो मी. नियम मोडतो." स्नेहानं मान हलवली. तो शेडनेटमध्ये गेला, रोपांच्या दोन रांगांमध्ये उभा राहिला आणि त्यानं 'शिवम मिरची इंझोरी'वर अंगठा ठेवला.

बराच वेळ वाजत राहिला. उचलणार नाहीत असंच त्याला वाटलं. मग पलीकडे फोन स्पीकरवर गेला आणि कोंबड्यांचा आवाज ऐकू आला.

"ताई," देवमन म्हणाला. त्यानं नीट, मोठ्यानं विचारलं. "शिवम हाय का?"

कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या. गिरजाबाईंचा श्वास त्याला ऐकू येत होता. वावरात गेला, असं त्या म्हणाल्या असत्या तर तो हो म्हणणार होता. आला की मामाचा फोन होता म्हणून सांगा, असंही म्हणणार होता. सगळं ठरवून आला होता.

"नाही, भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या. "शिवम नाही. शिवम गेला."

मग दोघंही रडली. ती अंगणात आणि हा रोपांत, मधे साठ-सत्तर किलोमीटर. बऱ्याच वेळानं गिरजाबाईंनी नाक पुसल्याचा आवाज आला.

"त्याच्या बानं दोन सऱ्या लावल्या मिरचीच्या. मायाशी बोलले नाही. एकटेच गेले, एकटेच लावून आले. बाकीचे रोपं सुकले, भाऊ."

"पाणी देता ना?"

"मी देतो. रोज देतो."

"मुळं औषधात बुडवले होते का?"

"काय मालूम. पोराले मालूम राहे ते."

देवमननं डोळे पुसले. "बरं ताई, ठेवतो मंग."

"भाऊ." त्या थांबल्या. "पुढच्या गुरुवारी बी इचारजा."

"काय इचारू, ताई?"

"हेच. शिवम हाय का म्हनून. मी नाहीच म्हनन, भाऊ. पन तुमी इचारजा."